वाबळेसाहेबांचा शेरा

राधाकृष्ण सहादेव वाबळे आमच्या कचेरीत रुजू झाले, तेव्हा त्यांच्या हुद्द्याचं नाव कुणालाच धड उच्चारता येईना. साल १९६९. नगररचनेची आमची लहानशी शाखा कचेरी नगरला एका भाड्याच्या माडीवर होती आणि मी तिथे हेड क्लार्क. त्यांची ऑर्डर मीच मोठ्याने वाचली. लँडस्केप आर्किटेक्ट. शिपाई आसाराम म्हणाला, "रंगनाथराव, हे सायेब करनार काय?"

मी म्हटलं, "शहरात मोकळ्या जागा असतात ना, मैदानं, तळ्याचे काठ, रस्त्याकडेची झाडं. त्या कशा असाव्यात ते हे ठरवणार."

आसारामने जरा विचार केला. "मंजी माळी म्हना की."

नेमकं तेवढं जिना चढून येणाऱ्या वाबळेसाहेबांच्या कानावर पडलं.

साहेब पारनेरचे. घरी कोरडवाहू शेती, बाजरी आणि हुलगे. शिष्यवृत्तीवर मुंबईला इमारतींचं शिक्षण घेतलं, सरकारी नोकरी लागली, मग खात्याने दोन वर्षं दिल्लीला पाठवून हे नवीन शास्त्र शिकवून आणलं. आमच्या विभागात ही पदवी असलेला माणूस एकच. वय चौतीस, लग्न व्हायचं होतं, शर्टाला कायम इस्त्री. कामाला चोख. एखादी जागा बघायला गेले की चार-चार तास उन्हात उभे राहून सावली कुठून कुठे सरकते ते वहीत लिहून घेत. पण गावोगावच्या अध्यक्षांना आणि सरपंचांना गटार हवं असे, शाळाखोली हवी असे. बागेचा नकाशा ते बघून ठेवून देत. तीन वर्षांत साहेबांचा एकही कागद जमिनीवर उतरला नव्हता.

एकदा त्यांचे वडील, सहादेव वाबळे, कोर्टाच्या कामाला नगरला आले होते, ते कचेरीत डोकावले. टेबलावर नकाशा पसरलेला होता. म्हातारबांनी त्यावरच्या हिरव्या गोलांवर बोट ठेवलं.

"हे काय हाय?"

"झाडं आहेत, दादा."

"अन् घर कुठंय?"

"घर नाही. मोकळी जागा आहे."

"मोकळी जागा तर आपलीबी लई हाय पारनेरात," म्हातारबा म्हणाले. "तिला कागुद कशाला लागतोय?"

चहा न घेताच ते जिना उतरून गेले. साहेबांनी नकाशा गुंडाळला आणि कपाटाच्या तळाशी ठेवून दिला.

आता लिडिया उजागरेबद्दल सांगतो. ती आमच्याकडे ट्रेसर होती. साहेबांनी पेन्सिलीने काढलेला नकाशा पारदर्शक कापडावर शाईने उतरवायचा, हे ट्रेसरचं काम. सव्वीस वर्षांची, शांत, हाताला कंप म्हणून नाही. नगरच्या ख्रिस्ती वस्तीत वडिलांबरोबर राहायची. आई लहानपणीच गेलेली. वडील दानीएल उजागरे एका मिशनच्या बंगल्यावर तीस वर्षं माळी होते आणि आता घरीच असत. कचेरीत सगळे तिला उजागरेबाई म्हणत. मला ती रंगनाथकाका म्हणायची.

१९७१च्या दिवाळीनंतर मिरजगावचं काम आलं. तिथले सरपंच आप्पासाहेब धडपडे गृहस्थ. गाव हमरस्त्यावर, बाजार मोठा, पण बाजारतळावर सगळा गोंधळ. गुरं, बैलगाड्या, भाजीवाल्या बाया आणि एस.टी.ची वाट बघणारे, सगळे एकाच चिखलात. आप्पासाहेबांना तो तळ नीट आखून हवा होता. साहेबांनी दोन महिने खपून आराखडा केला. उताराच्या जागेचे तीन टप्पे, मध्ये रुंद दगडी पायऱ्या, एका बाजूला गुरांचा बाजार, दुसऱ्या बाजूला भाजी, आणि हमरस्त्याला लागून गुलमोहराची सरळ रांग. दिसायला देखणा होता, खोटं कशाला बोलू.

लिडियाची मावशी मिरजगावला राहायची, त्यामुळे तो बाजार तिच्या पायाखालचा. नकाशा ट्रेस करता करता ती उठून साहेबांच्या टेबलाशी गेली.

"साहेब, गुरांच्या हौदाचं सांडलेलं पाणी कुठे जाणार?"

"नाल्यात जाईल."

"आत्ता ते खाली साचतं. त्याच चिखलात बाया भाजी घेऊन बसतात. तेच पाणी दगडी पाटाने फिरवून झाडांच्या आळ्यांत सोडलं तर? झाडं रस्त्याकडेला न लावता हौदाच्या खालच्या अंगाला लावायची. कडुनिंब, करंज. सावलीही बायांवर पडेल."

साहेब हसले. "बाई, तुम्ही ट्रेस करा."

त्यांनी ते रागावून म्हटलं नाही. तिनेही ऐकून घेतलं. पण घरी जाऊन तिने एका वेगळ्या कागदावर हौद, पाट आणि बावीस आळी, उतारासकट काढली आणि तो कागद स्वतःच्या खणात ठेवून दिला.

फेब्रुवारीत पुण्याहून उपसंचालक तपासणीला आले. नकाशे बघायला मागितले तेव्हा आसारामने घाईत तिच्याही खणातली गुंडाळी आणून टेबलावर टाकली. उपसंचालकांनी ती उघडली, चष्मा वर केला आणि बराच वेळ बघत राहिले.

"हे कुणाचं?"

 साहेबांनी "आमच्या कचेरीचंच" म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं. पण ते गप्प राहिले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "उजागरेबाईंचं, सर."

उपसंचालकांनी तिला बोलावलं, पाच-सहा प्रश्न विचारले आणि तिने खाली मान घालून उत्तरं दिली. मग ते साहेबांकडे वळले. "वाबळे, तुमची मांडणी ठेवा, पाणी आणि झाडं हिची घ्या. रस्त्याकडेची तुमची रांग या मुलखात जगायची नाही. हवी तर ठेवा." आणि निघता निघता हसत म्हणाले, "पदवी तुमची, डोळा मात्र हिचा."

ते गेले, विसरूनही गेले असतील. पण ते वाक्य साहेबांच्या मानेवर बसलं ते उठेना.

त्यानंतर साहेब तिच्या कामात चुका शोधू लागले. रेघ जाड झाली, उत्तर दिशेचा बाण तिरपा आला, अक्षरं एका उंचीची नाहीत. चुका नसत. मग ते कापड उजेडाला धरून पुन्हा बघत. तिच्या टेबलाशी कुणी सल्ला विचारायला गेलं की साहेबांच्या केबिनचं अर्धं दार हललंच म्हणून समजा. पुष्कळ नंतर त्यांनीच मला सांगितलं, "रंगनाथराव, ती शाई भरत बसलेली असायची आणि मला वाटायचं, ही मनात मला हसतेय. ती हसत नव्हती, हे मला कळत होतं. तरी वाटायचं. रविवारी पारनेरला गेलो तरी ती डोक्यातून जात नसे. वाटे, हे मला का सुचलं नाही? दोन वर्षं दिल्लीत मी काय केलं?"

बहात्तर साली पावसाने पाठ फिरवली. त्या सालाबद्दल मी वेगळं काय सांगू, आमच्या जिल्ह्यात त्या वयाचा प्रत्येक माणूस सांगेल. हाताला काम हवं म्हणून जिल्ह्यात ठिकठिकाणी दुष्काळी कामं निघाली, आणि आप्पासाहेबांनी खटपट करून बाजारतळाचं काम त्यात बसवलं. नोव्हेंबरात खोदाई सुरू झाली. साहेबांचा पहिला आराखडा जमिनीवर उतरत होता आणि त्यातलं अर्धं दुसऱ्याचं होतं.

साहेब आणि लिडिया आठवड्यातून दोनदा एस.टी.ने मिरजगावला जात. अधूनमधून हजेरीपत्रकांसाठी मीही जाई. कामावर दीडशे बाया होत्या आणि त्यांची पुढारी छबूबाई, चाळिशीची, खणखणीत आवाजाची. खाली खडक लागला, पहार उड्या मारायला लागली, की ती साहेबांना ओलांडून थेट लिडियाकडे जाई.

"बाई, हितं खडक हाय. आळं दोन हात सरकवू का?"

लिडिया उतार बघून सांगे, "सरकव, पण खाली सरकव, वर नको. पाणी चढणार नाही."

"तेच म्हनलं मी."

साहेब तिथेच हातात नकाशा धरून उभे असत. एके दिवशी चहाच्या हॉटेलात आम्ही तिघे बसलो होतो. शेजारच्या बाकावरच्या शेतकऱ्याने हॉटेलवाल्याला विचारलं, "हे कोन रं?" हॉटेलवाला भिमाजी म्हणाला, "वळखलं न्हाई? आपल्या बाजारतळाच्या बाई. अन् हे बाईंचे सायेब."

लिडियाचा चेहरा पडला. "अहो, हे मोठे साहेब आहेत, आराखडा यांचा आहे," ती घाईघाईने म्हणाली. त्याने तर आणखीच वाईट झालं. साहेब अर्धा कप तसाच ठेवून उठले आणि गाडी यायला तासभर असताना थांब्यावर जाऊन उभे राहिले.

नाताळला लिडियाने आम्हा दोघांना घरी बोलावलं. साहेब येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण आले. दोन खोल्यांचं घर, पुढे चार पावलांचं अंगण. त्या दुष्काळात अख्ख्या गल्लीत धूळ उडत होती आणि या अंगणात कर्दळ हिरवीगार, कडेला अबोली आणि कोपऱ्यात लिंबाचं झाड. मोरीचं पाणी जुन्या कौलांची पन्हळ करून एकेका झाडाशी नेलेलं होतं. साहेब दारातच थांबले आणि त्या कौलांकडे बघत राहिले. मिरजगावचा पाट कुठून आला ते त्यांना त्या क्षणी कळलं.

दानीएलबाबांनी करंज्या आणि शंकरपाळ्यांची ताटली पुढे केली आणि मग चष्मा पुसून मिरजगावच्या नकाशाची प्रत उघडली. लिडियाने त्यांना दाखवायला आणली होती. मला वाटलं, आता म्हातारा मुलीचं कौतुक सांगणार. त्यांनी पाटावर बोटही ठेवलं नाही. पायऱ्यांवर ठेवलं.

"साहेब, या पायऱ्या तुम्ही इतक्या रुंद आणि बुटक्या ठेवल्यात."

"हो. का?"

"डोक्यावर पाटी असली की बाईला आपले पाय दिसत नाहीत. तुम्ही तो विचार केलात. आणि दर पाच पायऱ्यांनंतर थांबायला जागा. तीस वर्षं मी बागेत काम केलं, बरेच साहेब बघितले. असा विचार केलेला नकाशा पहिल्यांदा बघतोय."

साहेबांच्या हातातली करंजी तशीच राहिली.  पारनेरच्या त्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून जे ऐकायला ते आसुसलेले होते, ते इथे, परक्या घरात, कुणी न मागता म्हटलं होतं. तेवढ्यात लिडिया आतून म्हणाली, "बाबा, ती पाचवी पायरी मला पटत नाही हं," आणि बापलेक नकाशावर वाकून हुज्जत घालायला लागले. मध्येच ती हसली, त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली.

मला वाटलं होतं, इथून पुढे साहेबांचा राग निवळेल. झालं उलटंच. परत चालत येताना ते एवढंच बोलले, "हिला घरातच मिळालं सगळं. नशीब असतं एकेकाचं." मी त्यांच्याकडे बघितलं. ज्या माणसाचं आत्ता कौतुक झालं त्याचा तो चेहरा नव्हता.

जानेवारी १९७३मध्ये परिपत्रक आलं. खात्यातल्या एका ट्रेसर किंवा ड्राफ्ट्समनला उद्यानरचनेच्या दीड वर्षाच्या अभ्यासक्रमाला पाठवायचं होतं. पगार चालू, परत आल्यावर बढती. विभागातून एकच नाव जाणार. लिडियाने अर्ज केला आणि पुण्याच्या उपसंचालकांनी आपण अनुकूल असल्याचं कळवून तो साहेबांच्या अभिप्रायासाठी पाठवला.

फाइल तीन दिवस साहेबांच्या टेबलावर होती. चौथ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावून शेरा सांगितला. मी लिहून घेतला. "कु. उजागरे या अत्यंत कुशल व कष्टाळू कर्मचारी असून मिरजगाव येथील कामावर त्यांची सेवा अत्यावश्यक आहे. सबब त्यांना तूर्त कार्यमुक्त करणे शक्य नाही."

मी लिहीत असतानाच मला सगळं कळत होतं. पाट बांधून होत आला होता. आळी खणून झाली होती. राहिलेल्या कामावर बांधकाम खात्याचा ओव्हरसियर होता. मी "साहेब" म्हणून मान वर केली. ते खिडकीबाहेर बघत होते. मी मान खाली घातली आणि जाऊन टाइप केलं. या गोष्टीत माझा वाटा तो एवढा. तेव्हा तो मला लहान वाटला होता.

मार्चमध्ये दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका ड्राफ्ट्समनची निवड झाल्याचं पत्र आलं. लिडिया माझ्याकडे आली. "काका, माझ्या अर्जावर काय लिहिलं होतं, दाखवाल?" नियमाप्रमाणे दाखवायला नको होतं. मी दाखवलं. तिने उभ्या उभ्या वाचलं, फाइल मिटली आणि सरळ केबिनमध्ये गेली. दार अर्धंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी लिहिलेलं नव्हतं."

"खरं तेच लिहिलंय."

"वाईट लिहिलं असतंत तर मी वर अर्ज केला असता, भांडले असते. चांगल्या शेऱ्याविरुद्ध मी कुठे दाद मागू?"

"काम अडलं असतं, बाई."

"कुठलं काम? एवढं सांगा. मी आत्ताच्या गाडीने जाते आणि करून येते."

 टाचण्यांची डबी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, पुन्हा उचलल्याचा, पुन्हा ठेवल्याचा. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. जागेवर बसून तिने अर्धवट राहिलेली उत्तर दिशेची खूण पुरी केली.

मे महिन्यात तिने राजीनामा दिला. मुंबईजवळ नवं शहर वसवायचं काम निघालं होतं, तिथे तिला ड्राफ्ट्समनची जागा मिळाली. म्हाताऱ्या वडिलांना घेऊन ती गेली. निरोपाच्या दिवशी साहेब कर्जतला दौऱ्यावर होते. दौरा त्यांनी स्वतःच लावून घेतला होता.

ती गेल्यावर साहेबांना हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. आता मिरजगावचं सगळं त्यांच्याच अंगावर आलं. उन्हाळा भाजून काढत होता. हमरस्त्याकडेचे गुलमोहर एकामागून एक वाळले, एकतीसपैकी एक उरला नाही. हौद टँकरने भरत, गुरं पीत, सांडलेलं पाणी पाटाने जाई, आणि त्या बावीस आळ्यांतली रोपं हाडकुळी का होईना, उभी होती. बाजारात आलेला प्रत्येकजण साहेबांना एकच विचारी, "बाई कवा येनार?" पहिल्यांदा ते म्हणत, "बदली झाली." पुढे पुढे नुसतं "नाही येणार" म्हणत.

एकदा छबूबाईने त्यांना धरलंच. "सायेब, खरं सांगा, बाईंना तुमी घालवलं का?"

मी शेजारीच होतो. मला वाटलं, साहेब आता तिच्यावर डाफरणार. ते खाली बसले, पाटातला गाळ हाताने काढायला लागले आणि म्हणाले, "व्हय." पारनेरची ती बोली मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. छबूबाईने फावडं उचललं आणि त्यांच्या बाजूला गाळ काढू लागली.

त्या वर्षी साहेब आठवड्यातून दोनदा जात होते ते तीनदा जाऊ लागले. पाण्याचं, मातीचं ते बायांना विचारत, वहीत उतरवून घेत. हे सगळं प्रेमाने करत होते असं मी म्हणणार नाही. ती जे बघू शकते ते आपल्यालाही दिसलंच पाहिजे, या हट्टाने ते पेटले होते.

मे १९७४मध्ये लिडियाच्या नव्या कचेरीचं पत्र आलं. ते लोक तिला त्याच अभ्यासक्रमाला पाठवणार होते आणि आधीच्या कामाचा दाखला मागत होते. मी ते पत्र साहेबांसमोर ठेवलं. मन धास्तावलं होतं. म्हटलं, आता पुन्हा गोड शेरा लिहितात की काय. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद मला दिला.

"मिरजगाव बाजारतळाच्या आराखड्यातील पाणी व वृक्षांची योजना कु. लिडिया दानीएल उजागरे यांची आहे. ती माझी नाही. लावलेल्या बावीस वृक्षांपैकी एकवीस जिवंत आहेत. जानेवारी १९७३मध्ये मी त्यांच्या अर्जावर दिलेला शेरा कामाच्या गरजेपोटी दिलेला नव्हता."

"साहेब, शेवटचं वाक्य सरकारी कागदावर नको," मी म्हटलं. "चौकशी लागेल. तिलाही प्रश्न विचारतील."

त्यांनी कागद पुन्हा वाचला. मग पेन घेऊन शेवटचं वाक्य खोडलं. त्यांची हिंमत तितकीच होती आणि माझी त्याहून कमी. बाकीचं मी त्याच दुपारी टाइप करून रवाना केलं.

तिची निवड झाली. जुलैत ती गेली. तिचं पोस्टकार्ड माझ्या नावाने आलं, त्यात आणखी एक गोष्ट होती. दानीएलबाबा एप्रिलमध्ये वारले होते. मी कार्ड साहेबांना वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, परत केलं आणि त्या दिवशी डबा उघडला नाही.

त्या वर्षीच्या नाताळच्या सुट्टीत ती मावशीकडे मिरजगावला आली. दुसऱ्या एका कार्डावर तिने तसं कळवलं होतं. बाजाराच्या दिवशी मी आणि साहेब कामानिमित्त तिथे होतोच. छबूबाई आता तिथे भाजी विकायला बसायची, लिडिया तिच्याजवळ बसली होती. झाडं माणसाच्या डोक्याला लागण्याइतकी झाली होती. सावली अजून विरळ, पण छबूबाईच्या टोपल्यांवर पडत होती.

साहेब तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. बोलण्याची तयारी त्यांनी गाडीत केली असावी, कारण नमस्कारसुद्धा न करता म्हणाले, "तो शेरा कामासाठी नव्हता."

"माहीत आहे मला."

"मला तुमचा हेवा वाटत होता, बाई. अजून वाटतो."

लिडिया उठून उभी राहिली. "साहेब, तुमचा दाखला मी वाचला. त्याबद्दल आभार मानते. पण तुम्ही तेव्हा सोडलं असतंत तर मी गेल्या वर्षी शिकायला गेले असते. बाबा तेव्हा होते. सुट्टीत घरी आल्यावर मी त्यांना माझे नकाशे दाखवले असते." तिचा आवाज चढला नाही. "ते एक वर्ष मला कुणी परत देऊ शकत नाही. तेव्हा त्याबद्दल मी काही बरं बोलणार नाही."

"नका बोलू," साहेब म्हणाले.

 मग ती नेहमीच्या सवयीने पाटाच्या कडेने चालू लागली, वाकून दगडांचे सांधे बघत. खालच्या टोकाशी, शेवटच्या चार झाडांपाशी ती थांबली.

"हे वळण असं नव्हतं. कुणी बदललं?"

"मी. शेवटच्या चारांना पाणी पोचत नव्हतं. सगळं वरतीच मुरायचं. छबूबाईंनी आणि मी उतार वाढवला, तळाला फरशी टाकली."

लिडियाने हौदावरचा डबा भरून आणला आणि पाटात ओतला. पाणी वळणावर जरा रेंगाळलं, मग सरळ शेवटच्या आळ्यात उतरलं. तिने आणखी एक डबा ओतून खात्री केली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "इथे माझा उतार चुकला होता."

साहेबांनी चटकन मान फिरवली आणि हमरस्त्याकडे बघायला लागले. मी बाजूला होतो, मला त्यांचा चेहरा दिसला. इतका आनंद मी त्यावर पाच वर्षांत पाहिला नव्हता.

परतीच्या गाडीत अर्ध्या वाटेवर साहेब माझ्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "रंगनाथराव, तिचे वडील गेले, तिचं वर्ष गेलं, आणि तिची एक चूक सापडली म्हणून मला एवढा आनंद व्हावा? लाज वाटते हो."

"वाटू द्या, साहेब," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, पिशवीतून वही काढली आणि गाडीच्या हिसक्यांत वेडंवाकडं अक्षर काढत त्या वळणाची मापं लिहायला घेतली. लिडियाने निघताना ती पत्राने कळवायला सांगितली होती.